टेलिफोनच्या जुन्या बॅटऱ्या

शनिवार, १४ जुलै १९७९

आज चार लाकडी पेट्या आल्या. बंगलोरहून रेल्वेने, पुढे विट्यापर्यंत एस.टी.च्या टपावर आणि तिथून आमच्याकडे कामाला असलेल्या धुळाच्या बैलगाडीत. यांनी गाडीसोबत चालत यायचा हट्ट धरला. एकसष्टाव्या वर्षी सात मैल उन्हातून. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा मात्र नव्या लेफ्टनंटसारखा.

पेट्यांत भुशात गुंडाळलेल्या काचेच्या पाट्या होत्या. काचेखाली निळ्या चकत्या ओळीने बसवलेल्या. सूर्याचं ऊन पडलं की त्यांतून वीज निघते म्हणे. यांचा लष्कराच्या सिग्नल्समधला जुना मित्र तिकडे एका कारखान्यात आहे. एखादी चकती तडकलेल्या, बाजूला काढलेल्या पाट्या त्याने पाठवल्या.

धुळाने डोकं खाजवत विचारलं, "सायेब, दिवसा वीज निघंल, पर दिवा तर रातीला लागतुया. ऊन काय कणगीत भरून ठिवायचं?"

हे इतके हसले. म्हणाले, "बरोबर बोललास. आता कणगीच आणायची आहे."

कणगी म्हणजे बॅटऱ्या.

आमच्या या माळावरच्या घराला चार वर्षं झाली. गावात तारा आल्या आहेत. आमच्यापर्यंत यायला चौदा खांब लागतात आणि ते चौदा खांब चार वर्षं कागदावरच उभे आहेत. कंदिलाशी वाचून माझं डोकं ठणकतं. गेल्या दिवाळीत मी रडले होते. म्हटलं होतं, मला पुण्याला ताईजवळ राहू द्या, तुम्ही इथे राहा. तेव्हा यांनी एक वर्ष मागून घेतलं. येत्या दिवाळीपर्यंत घरात दिवा लागला नाही तर हे घर बंद करून दोघांनी पुण्याला जायचं, असं ठरलं. यांच्या वडिलांची जमीन, यांनी स्वतः आखलेलं घर. ते बंद करायचं म्हणताना यांचा आवाज कसा झाला होता, ते मी विसरलेले नाही.

खरं लिहायचं तर मला या पाट्यांचा भरवसा वाटत नाही. पण यांना तसं सांगणार नाही.

सोमवार, ६ ऑगस्ट

सांगलीला जाऊन आलो. नव्या बॅटऱ्या मोठ्या मिळत नाहीत, मिळाल्या तर मोटारीच्या, आणि त्या या कामाला टिकत नाहीत असं हे म्हणतात. विट्यात कुणीतरी नानासोंचं नाव सांगितलं होतं. मार्केट यार्डामागे पत्र्याची शेड. बाहेर शिशाच्या प्लेटांचा ढीग, आत आंबूस वास. नानासो पन्नाशीचे असतील. सदऱ्याला जागोजाग बारीक भोकं, जणू कसर लागली आहे.

बॅटऱ्या पाहून मी थबकलेच. लोणच्याच्या बरणीएवढ्या, चौकोनी, जाड काचेच्या. आतल्या प्लेटा आरपार दिसतात.

"जुन्या आहेत ना या?" मी विचारलं.

"जुन्या हायत, पर टाकाऊ न्हाईत, बाईसायेब. टेलिफोनच्या हायत. खात्यानं लिलावात काढल्या. म्या आतल्या प्लेटी नव्या घातल्या, मधलं लाकडाचं पडदं नवं घातलं, ॲसिड नवं. बरणी तेवढी जुनी ऱ्हायली. हजारभर माणसांची बोलणी गेल्यात हिच्यातनं. लग्नं ठरल्याली, भांडणं, म्हाताऱ्या गेल्याचं निरोप. आता निवांत तुमचा दिवा लावंल."

"आणि बिघडली तर?"

"बिघडत न्हाई. माणसानं नीट सांभाळली तर माझ्या माघारी चालंल."

यांनी एकेक बरणी ठोकून पाहिली, काचेची नळी आत घालून ॲसिड वर ओढून पाहिलं. नानासोंना यांचं तपासणं आवडलेलं दिसलं. मग दोघं शेडच्या मागच्या बाजूला गेले. तिथे नानासो हातवारे करत बॅटऱ्या कशा ठेवायच्या, कशा भरायच्या, काय करायचं नाही ते बराच वेळ सांगत होते. मला नानासोंच्या आईने आत बोलावलं. चहा दिला आणि माझ्या पोरंबाळं नसण्याची सविस्तर चौकशी केली.

परतताना एस.टी.त हे मला म्हणाले, "माला, बॅटऱ्या ठेवू त्या खोलीत तू यायचं नाहीस. एक थेंब उडाला तरी साडीला भोक पडेल."

"एवढंच ना? येत नाही."

नानासोंच्या सदऱ्याकडे पाहिल्यावर मला ते पटलंच होतं.

रविवार, २ सप्टेंबर

दिवा लागला.

संध्याकाळी यांनी मला डोळे मिटून खुर्चीत बसवलं. मोटारीचा लहानसा बल्ब, वर पत्र्याची टोपी, ती यांनीच कापलेली. डोळे उघडले तेव्हा माझ्या मांडीवर पुस्तक होतं आणि पानावर पिवळा गोल उजेड. शांत, न हलणारा. कंदिलाचा उजेड सारखा श्वास घेतल्यासारखा हलतो, हा तसा नाही.

पाचगणीला आमच्या शाळेत रात्री नऊला घंटा व्हायची आणि सिस्टर येऊन दिवे मालवायच्या. राहिलेली दोन पानं मी पांघरुणात चोरटी बॅटरी लावून वाचायची. दोनदा पकडले गेले, शिक्षा झाली. ती मुलगी पंचेचाळीस वर्षांनी परत आली आणि तिला कुणी दिवा मालव म्हणालं नाही. हे समोर बसून माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, तुम्हीही काही वाचा. तर म्हणाले, "वाचतोय की."

मला रडू आलं. पुण्याचा विषय संपला.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

गावातून माणसं दिवा पाहायला येतात. तानुबाई, धुळाची बायको, त्यांना जणू देवळात आणल्यासारखी चपला काढायला लावते. आज आप्पासो मास्तर शाळेची मुलं घेऊन आले होते. यांनी तासभर समजावून सांगितलं. निवृत्तीनंतर यांना असं बोलताना मी पाहिलं नव्हतं. गेली चार वर्षं हे कुणाला तरी हुकूम द्यायची वाट पाहत बसल्यासारखे असायचे.

रविवार, ३० सप्टेंबर. खंडेनवमी. सकाळी

घाईत लिहिते आहे. चार दिवस आभाळ होतं म्हणून बॅटऱ्या उतरल्या आहेत. हे पहाटेपासून मागच्या विहिरीवर तेलाचं इंजिन लावून त्यावर ट्रकचा डायनामो फिरवत आहेत. आज बॅटऱ्या काठोकाठ भरायच्या. मघाशी न्याहारीला आले तेव्हा म्हणाले, "आतून बुडबुडे यायला लागले की समजायचं पोट भरलं."

यांची तलवार आणि पट्टा हॉलमध्ये पाटावर मांडून पूजा केली. दरवर्षीचीच. पण या वर्षी मला वाटलं, यांची खरी शस्त्रं त्या खोलीत आहेत. धुळाने पाभर आणि कुऱ्हाड धुऊन पुजली, मग आपण या सहा बरण्यांना उपाशी का ठेवायचं? यांना सांगितलं नाही. दुपारी जेवायला येतील तेव्हा दाखवीन.

साडी वर खोचून आत जाऊन आले, कुठे थेंब लागू दिला नाही. बरण्यांत खरंच बारीक बारीक बुडबुडे उठत आहेत, उकळी फुटायच्या आधी पाणी दिसतं तसे. जिवंत वाटतात. सहाही बरण्यांना झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू लावलं. फळीवर मधोमध निरांजन ठेवलं, पण माळावरचा वारा, दोनदा विझलं. हे दोन्ही खिडक्या सदान्‌कदा उघड्या टाकून ठेवतात. त्या लावून घेतल्या, दारही ओढून घेतलं. आता नीट तेवत आहे.

पुरणाचं पाहायला हवं.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर. मिरज

वहीत लिहायला हात धजत नव्हता. पण शाळेत लागलेली सवय, झालेलं लिहून काढल्याशिवाय ते झालं असं मला वाटत नाही. आणि हे झालेलं आहे.

खंडेनवमीला दुपारी बाराच्या सुमाराला हे इंजिन धुळावर सोपवून आले. ओसरीवर हात पुसत म्हणाले, "खिडक्या कुणी लावल्या?" मी हसले. म्हटलं, "गंमत आहे, दार उघडून बघा. देवासमोर ठेवतात तसं सगळं ठेवलंय." यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला कळला नाही. "दिवा?" एवढं विचारलं. मी मान डोलावली. मी त्यांच्या मागे निघाले होते, तर मला असं ढकललं की मी ओसरीवर पडले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. ओरडले, "मागे राहा!" आणि आत धावले.

मग तो आवाज. बंदुकीसारखा, कोरडा.

हे दारात उभे होते, दोन्ही हात चेहऱ्यावर. बोटांतून रक्त आणि पाणी. "पाणी, पाणी" म्हणत होते. तानुबाईने माझ्या आधी त्यांना धरलं आणि बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीत यांचं तोंड बुडवलं. पुन्हा पुन्हा. ती नसती तर, असं डॉक्टर म्हणाले. पुढे काही म्हणाले नाहीत.

जीपसाठी धुळा गावापर्यंत पळत गेला. मिरजेला पोचायला संध्याकाळ झाली. काचेचे तुकडे काढले. ॲसिडने डाव्या डोळ्याचं काही उरलेलं नाही. उजव्याबद्दल महिनाभराने सांगू म्हणतात. दोन्हींवर पट्टी आहे.

गुरुवार, ११ ऑक्टोबर. मिरज

आज यांच्याशी नीट बोलता आलं. मी विचारलंच. रोज मनात येत होतं. म्हटलं, "अहो, माझ्या निरांजनामुळे तर नाही ना झालं?"

हे हसले. पट्टीखाली ओठ तेवढे दिसतात. "वेडी आहेस. ॲसिड काय रॉकेल आहे पेटायला? एक बरणी आतून खराब होती. प्लेटा एकमेकींना चिकटल्या. मला सकाळपासून शंका होती, म्हणून धावलो."

"मग दिव्याचं का विचारलंत?"

"दिव्याला धक्का लागून तू भाजली असतीस."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. नवरा आंधळा पडला आहे आणि मला हलकं वाटतं आहे.

धुळा डबा घेऊन आला होता. तो कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "बाईसायेब, पर तो जाळ तर..." तर हे कडाडले, "धुळा, इंजिनाचं तेल बदललंस का?" त्याने मान खाली घातली. आजारपणात माणसं चिडचिडी होतात. बिचारा धुळा.

खराब बरणी. म्हणजे त्या नानासोने फसवलं. खराब भांडी पुसून चांगली म्हणून विकली. "माझ्या माघारी चालंल" म्हणे! मी यांना म्हटलं, इथून सांगली जवळच आहे, मी त्याला जाऊन विचारणार आहे. हे एकदम म्हणाले, "नको." मग थोड्या वेळाने, "आत्ता नको."

रविवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. वॉर्डात एका नर्सने पणत्या लावल्या होत्या. यांनी विचारलं, "पणत्यांचा वास येतोय का?" मी हो म्हटलं. "किती आहेत?" मी मोजून सांगितलं, अकरा.

एक वर्षापूर्वी याच दिवशी मी उजेडासाठी रडले होते.

ताईचं पत्र आलं आहे. दोघांनी पुण्याला या म्हणते.

सोमवार, २९ ऑक्टोबर

आप्पासो मास्तर भेटायला आले. हे फार खूष झाले. मला म्हणाले, "माला, मास्तरांना मोसंबी आण. चांगली बघून, घाई करू नकोस." दवाखान्याच्या दाराशीच मोसंबी मिळतात, मी लवकरच परत आले. मास्तर खिशात कागद घालत होते आणि त्यांचे डोळे ओले होते. शाळेतली माणसं हळवी असतात.

मला म्हणाले, "काकी, सायबांसारखा माणूस म्या बघितला न्हाई." मोसंबी न खाता गेले.

शनिवार, ३ नोव्हेंबर

आज पट्टी काढली.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासमोर टॉर्च धरला. विचारलं, "काय दिसतंय?" यांनी मान हळूहळू दोन्हीकडे वळवली. मी देवाची, सिस्टरांनी शिकवलेल्या देवाची आणि आमच्या शंभूमहादेवाचीही, सगळ्यांची प्रार्थना केली. मग हे म्हणाले, "खिडकी कुठे आहे?"

खिडकी यांच्या अगदी समोर होती. सकाळची, उघडी.

डॉक्टर बाहेर येऊन मला काही सांगत होते. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते एवढंच आठवतं.

परत आत गेले तेव्हा हे उशीला टेकून बसले होते. हात पुढे केला. मी तो धरला. म्हणाले, "तुझी कुठली साडी आहे आज?" मी सांगितलं, फिकी जांभळी, तुम्ही अंबाल्याहून आणलेली. म्हणाले, "बरं झालं ती पाहिलेली आहे."

सोमवार, १२ नोव्हेंबर

उद्या घरी सोडणार. आज हे झोपलेले असताना मी सांगलीला गेले. सांगितलं नाही.

नानासो शेडच्या दारातच होते. मला पाहून उभे राहिले. मी बसले नाही. जन्मात कुणाला बोलले नसेन असं बोलले. म्हटलं, "तुम्ही एका माणसाचे डोळे विकलेत. खराब भांडं विकलंत. झोप कशी लागते तुम्हाला?" त्यांच्याकडे दोन गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोरच बोलले. त्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं.

त्यांचा कारागीर बिराप्पा पुढे आला. "आवं बाईसायेब, काय बोलतायसा? बरणी फुटायला तिथं काय पेटलं हुतं त्ये इचारा की..."

"बिराप्पा, गप!" नानासो एवढ्या जोरात ओरडले की कोपऱ्यातली कोंबडी उडाली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "व्हय बाईसायेब. सेल खराब हुता. चूक माझीच हाय."

"कबूल करता?"

"व्हय."

मला वाटलं होतं, हा माणूस भांडेल, कागद दाखवील, मला हाकलून देईल. कबूल करील असं वाटलं नव्हतं. इतका कोडगेपणा! दोन्ही गिऱ्हाईकं हळूच बाहेर पडली. मी येताना त्यांची आई दारात उभी होती. तिने मला हाक मारली, "घोटभर पानी तरी पिऊन जा, लेकी." मी थांबले नाही.

परत आल्यावर हे जागे होते. "कुठे गेली होतीस?" मी खोटं सांगितलं, देवळात. शाळेत पापं कबूल करायला ख्रिस्ती मुली रांगेत उभ्या राहायच्या, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा. बाहेर येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असायचे. आज मी एका माणसाकडून कबुली घेतली आणि मला काहीच धुतल्यासारखं वाटलं नाही.

रविवार, २५ नोव्हेंबर

घरी येऊन बारा दिवस झाले. पुण्याला जायचं नाही म्हणतात. "इथे मला सगळं तोंडपाठ आहे. पुण्यात मी खरा आंधळा होईन."

ओसरीपासून विहिरीपर्यंत पावलं मोजतात. त्रेसष्ट. काल एकसष्ट झाली आणि कठड्याला गुडघा लागला. माझ्यावर न चिडता कठड्यावर चिडले.

बॅटरीखोलीची काच मी गोळा केली. तीन बरण्या शाबूत आहेत, तीन गेल्या. पाट्या गच्चीवर ऊन खात पडल्या आहेत. पुन्हा कंदील. पण आता मी वाचते ते मोठ्याने, यांच्यासाठी. वर्तमानपत्र, पत्रं, जुनी पुस्तकं. सिग्नल्सची सवय, महत्त्वाचं काही असलं की "पुन्हा वाच" म्हणतात आणि मी पुन्हा वाचते.

विट्याला गेले होते तेव्हा बाजारात, कापडाच्या दुकानात, माजी सैनिकांच्या कचेरीत, सगळीकडे मी नानासोंचं सांगितलं. कुणीही त्याच्याकडून काही घेऊ नका म्हटलं. यांना हे आवडलं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

मंगळवार, ११ डिसेंबर

दुपारी तात्याबा पोस्टमन आला. सायकल भिंतीला लावत म्हणाला, "मास्तर साताऱ्याला ट्रेनिंगला गेल्यात. पत्र सायबांच्या नावाचं हाय, केअरऑफ मास्तर. म्हनलं सायेब तर हितंच हायत, मास्तरांची वाट कशाला बघायची?"

हे ओसरीवर उन्हात बसले होते. "कुणाचं पत्र?"

मी फोडलंच होतं. "सांगलीहून. नानासोंचं."

हे खुर्चीतून अर्धे उठले. "दे इकडे. मास्तर आल्यावर वाचतील."

"दोन ओळी तर आहेत," मी म्हटलं. दोन ओळी नव्हत्या. माझी नजर पुढे धावत होती. ते पत्र मी इथे उतरवून ठेवते, कारण ते मला कुणापुढेच वाचता येणार नाही.

"मेजरसाहेबांस नानासोचा सा. न. वि. वि. मास्तरांच्या हातचे आपले पत्र मिळाले होते. आपण सांगितल्याप्रमाणे बाईसाहेब आल्या तेव्हा सेल खराब होता असे मी कबूल केले. दिव्याचा शब्द माझ्या तोंडून गेला नाही व जाणार नाही. भरताना बॅटरीतून गॅस निघतो, बंद खोलीत कोंडतो व दिव्याने पेटतो हे आपण त्यांना कधी सांगितले नाही, म्हणून चूक आपली, असे आपण लिहिले. परंतु साहेब, मी पण त्या दिवशी बाईसाहेबांना चहाला आत पाठवले व आपल्या एकट्यालाच सांगितले. बायामाणसाला काय सांगायचे असे मनात धरले. तेव्हा चूक माझीही आहे. विट्याकडची चार गिऱ्हाईके फिरली, त्याचे आपण मनास लावून घेऊ नये. तीन सेल तयार आहेत. मी स्वतः येऊन बसवतो. खोलीला वर धुराडे ठेवू. कळावे."

"वाच ना," हे म्हणाले.

अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर हलत होती. मी वाचलं, "मेजरसाहेबांस सा. न. वि. वि. आपल्याला झालेल्या त्रासाचे फार वाईट वाटते. सेल खराब निघाला. तीन सेल तयार आहेत. मी स्वतः येऊन बसवतो. कळावे."

"एवढंच?"

"एवढंच."

यांचे खांदे खाली आले. खुर्चीत मागे टेकले. मी आत जायला वळले, तर म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. आवाज सरळ ठेवला, शाळेत सिस्टरांसमोर धडा वाचायचे तसा. "...तीन सेल तयार आहेत. मी स्वतः येऊन बसवतो. खोलीला वर धुराडे ठेवू. कळावे."

शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

खाली धुळाची मेंढरं ओरडत होती.

"धुराडं कशाला म्हणतो तो?" यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. लिहिलंय खरं."

यांनी हात पुढे केला, हवेत चाचपडला. मी तो धरेपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "कागद-पेन आण. उत्तर लिहून घे."

मी पायरीवर बसून लिहून घेतलं. हे थांबून थांबून, पूर्वी संदेश द्यायचे तसे एकेक वाक्य सुटं सांगत होते. "तीन सेल घेऊन यावे. धुराडे अवश्य करावे. आल्यावर काय करायचे, काय करायचे नाही, ते सर्व घरच्या माणसांना समोर बसवून सांगावे." इथे थांबले. मी पेन धरून बसले होते. "माझ्याकडून ते सांगायचे राहून गेले."

ते वाक्य मी लिहिलं. कागदावर पाणी पडलं ते टिपलं. मग त्याच्याखाली माझ्या मनाने लिहिलं, "खिडक्या मी लावल्या होत्या. विट्यात मी तुमच्याविषयी जे बोलले ते खोटे होते. ज्या ज्या माणसाला सांगितले, त्याच्याकडे परत जाऊन खरे सांगेन. तुमच्या आईंच्या हातचे पाणी पिण्यासाठी येईन."

"वाचून दाखव," हे म्हणाले.

मी वाचलं. सगळं. माझ्या ओळींसकट.

यांचा चेहरा विहिरीकडे होता. मी वाट पाहत होते, काय म्हणतील याची. मला वाटलं ओरडतील, किंवा पुन्हा म्हणतील वेडी आहेस.

"सही कर," म्हणाले.

"तुमची?"

"दोघांची."

यांच्या बोटांत पेन दिलं, कागदावर जागा दाखवली. यांचं लालासाहेब हे नाव ओळ सोडून खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलं. उरलेल्या जागेत मी माझं लिहिलं.